रंगाला पैसे नाहीत

जरा थांबा. वर बघा. नाही, नाही, त्याच्याकडे नको. सगळे त्याच्याचकडे बघतात. त्याच्या डावीकडे बघा. जरा बुटका, तांबूस पडलेला, कमरेची एक पट्टी वाकलेली, असा जो उभा आहे ना, तो मी. विजेच्या तारा खांद्यावर घेतलेला जुना मनोरा बोलतोय.

तुम्ही मला रोज बघता, पण मी तुमच्या लक्षात राहत नाही. त्यात तुमची चूक नाही. दिवा लागला की माणूस दिव्याकडे बघतो. फारच चौकस असला तर वीज कुठे तयार होते, ते विचारतो. पण तिथून इथपर्यंत ती कुणाच्या खांद्यावरून आली, हे विचारणारा माणूस मला अजून भेटायचाय. सरकारी भाषेत या कामाला पारेषण म्हणतात, साध्या भाषेत ओझं वाहणं. आणि हमालाचं नाव कोण लक्षात ठेवतो?

आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव हेवेखोर आहे. लोखंडाचा असलो म्हणून काय झालं, दुसऱ्याचं चांगलं झालेलं मला बघवत नाही. माझ्या गोष्टीत उगाच थोरपणा शोधायला जाऊ नका, हाती काही लागणार नाही.

माझा जन्म एका कारखान्याच्या शेडमध्ये झाला. पोलादाच्या पट्ट्या कापल्या, त्यांना भोकं पाडली, प्रत्येकीवर नंबर ठोकला आणि वितळलेल्या जस्ताच्या हौदात बुडवून काढलं. तुकड्यातुकड्यांनी मी ट्रकमधून इथे आलो आणि या उपकेंद्राच्या कुंपणाबाहेर बोल्टांनी जोडला गेलो. उपकेंद्र म्हणजे दुरून आलेली मोठी वीज लहान करून शहराला वाटतात ती जागा. लाईनीतला पहिला मनोरा मी. माझ्यामागे एकापाठोपाठ एक माझी भावंडं टेकड्यांपर्यंत गेलीत, पण ती फार लांब असल्यामुळे त्यांच्याशी माझं कधी बिनसलं नाही.

पहिला असण्याचा एक फायदा आहे. मला माणसं दिसतात. समोर कंट्रोल रूमची खिडकी, तिच्या बाजूला पत्र्याचं कँटीन आणि कुंपणाच्या कडेला कर्मचाऱ्यांच्या खोल्यांची रांग. माझ्या तारांत पहिल्यांदा वीज सोडली, तेव्हा कँटीनसमोर उभं राहून चारदोन लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मी अजून पुरवून पुरवून वापरतो, कारण नंतर कुणी वाजवल्याच नाहीत.

मला एकच माणूस लाभला. आमच्या लाईनीचा लाइनमन. त्याच्या खिशात कायम पाना असायचा, घरी घालायच्या पँटच्या खिशातसुद्धा, म्हणून सगळे त्याला पानेदादा म्हणत. खरं नाव आठवायला त्याच्या बायकोलाही क्षणभर लागायचं. पानेदादा लाईनीखालून पायी फिरायचा, वाढलेल्या फांद्या छाटायचा, सैल झालेला बोल्ट दिसला की लगेच आवळायचा. माझ्यापाशी आला की पायावर पाना ठोकून म्हणायचा, "काय राजे, बरं आहे ना?" पाऊस असो, ऊन असो, तो विचारायचाच. घरी बायकोला इतक्या नेमाने विचारत नसावा. ती तसं बोलूनही दाखवायची.

आता माझ्या पहिल्या जळफळाटाविषयी. तो टेकडीवरच्या पवनचक्क्यांचा.

सरकारचं जे काही प्रेम होतं, ते सगळं वीज तयार करणाऱ्यांवर. आधी मोठमोठी वीजघरं झाली, मग टेकडीवर पांढऱ्याशुभ्र पवनचक्क्या आल्या. त्यांच्या उद्घाटनाला मंत्री आले, मांडव पडला, रेशमी फीत लावली, कात्री आली, फोटो निघाले. आमच्या नशिबी कात्री एकच, फांद्या छाटायची. शाळेतल्या मुलांच्या चित्रांतही त्याच. हिरवी टेकडी, तीन पात्यांची चक्की, कोपऱ्यात हसणारा सूर्य. त्या चित्रात एखादी तार काढावी, असं एकाही पोराला सुचलं नाही. चक्की काय घरात जाऊन दिवा लावते?

गंमत अशी, की चक्क्या वाढत गेल्या आणि तारा तेवढ्याच राहिल्या. वारा सुटला की तिकडून विजेचा लोंढा यायचा आणि इकडे मी एकटा. माझ्या तारा तापून खाली झोळ घ्यायच्या. मग कंट्रोल रूममधून फोन जायचा: "चक्क्या बंद करा, लाईन ओढत नाहीये." आणि भर वाऱ्यात त्या पांढऱ्या राण्या हात बांधून उभ्या. लोक हळहळायचे, केवढी वीज वाया गेली म्हणून. मला मात्र आतून गारेगार वाटायचं. रेशमी फीत कापली ना? आता घ्या.

एवढं ओझं वाहून माझं अंग झिजायला लागलं होतं. जस्ताचा मुलामा उडाला, सांध्यांवर गंज धरला. पानेदादाने रंग मागायला सुरुवात केली. उपकेंद्राच्या मुख्य अधिकारी म्हणजे एक मॅडम. गंभीर, शांत, चहात साखर न घेणाऱ्या. पानेदादा कँटीनमध्ये त्यांना गाठायचा.

"मॅडम, आपल्या पहिल्या टॉवरला रंग हवाय. गंज आत शिरतोय."

"वर लिहिलंय मी, पानेदादा. देखभालीच्या खात्यात खडखडाट आहे."

हे इतक्या वेळा झालं, की कँटीनवाला दोघांची वाक्यं आधीच पुटपुटायचा.

आणि मग एक दिवस कँटीनच्या टीव्हीवर बातमी आली. सरकारचं नवं धोरण ठरलं होतं. वीज तयार करण्यावर खूप खर्च झाला, आता ती वाहून नेणाऱ्या तारांवर गुंतवणूक करायची. मंत्री सांगत होते, की वीज आहे पण वाट नाही, म्हणून आता वाट रुंद करू. पारेषण हा शब्द त्यांनी पुन्हा पुन्हा उच्चारला. पानेदादा हातातला कप तसाच धरून कँटीनच्या बाहेर आला आणि माझ्याकडे बघून ओरडला, "राजे, तुमचे दिवस आले!"

काय सांगू तुम्हाला! आयुष्यात पहिल्यांदा मी टेकडीकडे वाकड्या नजरेने न बघता बघितलं. म्हटलं, बघा गं बायांनो, आता इकडे येतील फोटोवाले. रंग कोणता देतील, याचासुद्धा मी विचार करून ठेवला. रुपेरी. चक्क्यांच्या पांढऱ्यापेक्षा तोच बरा.

ट्रक आले. पण रंगाचे डबे घेऊन नाही. पोलादाच्या पट्ट्या घेऊन आले. माझ्या उजव्या हाताला, हाकेच्या अंतरावर, खड्डे खणायला लागले. पानेदादा धावत मॅडमकडे गेला आणि कँटीनच्या पत्र्याआडून मी ते सगळं बोलणं ऐकलं.

"मॅडम, टीव्हीवर तर म्हणाले, तारांवर पैसा ओतणार."

"ओततायत की. नव्या तारांवर." मॅडमनी चष्मा काढून पुसला. "कसं आहे, नवी लाईन उभारली की ती मालमत्ता धरतात. तिच्यावर कंपनीला दरवर्षी परतावा मिळतो, नियमच तसा आहे. तुमच्या टॉवरला रंग लावला, तर तो नुसता खर्च. आणि खर्च कमी करा म्हणून वरून रोज तगादा."

"म्हणजे नवं पोर जन्माला घालायला पैसे आहेत, आणि आहे त्याला सदरा शिवायला नाहीत?"

मॅडम हसल्या, पण मनापासून नाही. "तसंच समजा. पण नवी लाईन लागतेच आहे, पानेदादा. ही एकटी किती ओढणार?"

त्यांचं खरं होतं, आणि तेच मला जास्त झोंबलं. खोटं असतं तर निदान रागावता आलं असतं.

तर असा माझा शेजारी उभा राहिला. कानामागून आला आणि तिखट झाला! माझ्याहून दीडपट उंच, अंगावर जस्ताची अशी चकाकी की सकाळी कंट्रोल रूमवाले खिडकीचा पडदा ओढून घ्यायचे. त्याच्या तारा जाड, त्याच्या चिनीमातीच्या थाळ्यांच्या माळा माझ्यापेक्षा लांब. या थाळ्यांना तार टांगलेली असते, म्हणजे वीज मनोऱ्याच्या अंगात उतरत नाही. माझ्या माळेतल्या काही थाळ्या केव्हाच तडकल्या होत्या. त्याची माळ मोत्यांसारखी. चिमण्यासुद्धा त्याच्याकडे गेल्या. माझ्या पट्ट्यांवर वाढलेल्या चिमण्या हो! मी एकीलाही कधी हाकललं नव्हतं.

पण सगळ्यांत जास्त लागलं ते वेगळंच. त्याला उभारणाऱ्या टोळीत पानेदादाचा सख्खा धाकटा भाऊ होता.

याला पानेदादा छोट्या म्हणायचा. आईवडील लवकर गेले, तेव्हा याला पानेदादानेच वाढवला. मनोऱ्यावर कसं चढायचं, तेही त्यानेच शिकवलं, आणि ते माझ्याच अंगावर. पुढे छोट्या कंत्राटदाराकडे लागला, देशभर नव्या लाईनी उभारत फिरला आणि आता धोरणाच्या पैशाबरोबर इथे येऊन पोचला. अंगभर पट्टे, दोन हुक, हनुवटीला बांधायचं हेल्मेट, खांद्यावर वायरलेस. पानेदादाकडे कमरेचा एक कातडी पट्टा, तोही माझ्याच वयाचा.

दोघं एकाच खोलीत जेवायला बसायचे. खिडकी उघडी असायची.

"दादा, तो पट्टा टाकून दे आता. मी आमच्या साहेबांना सांगून तुला आमच्यातला एक देतो."

"मला नको. तो पट्टा तुला पेलत नव्हता, तेव्हापासून माझ्या कमरेला आहे."

"म्हणून तर म्हणतोय ना!"

"तू तुझा नवा टॉवर सांभाळ. नव्याचे नऊ दिवस असतात, छोट्या."

पानेदादाची बायको ताट आपटून म्हणायची, "दोघं एका आईचे ना? मग दोन लोखंडी खांबांवरून कसले भांडताय? जेवा मुकाट्याने."

वहिनीला कळत नव्हतं. मला कळत होतं. पानेदादाच्या पोटात जे दुखत होतं, तेच माझ्याही. आम्ही दोघांनी ओझं वाहिलं आणि हौस झाली दुसऱ्याची.

नवी लाईन तयार झाली. मग मॅडमनी पानेदादाला बोलावून सांगितलं, की आता भार नव्या लाईनीवर टाकू आणि जुनी बंद ठेवू. धोरणात एक कलम असंही होतं, की जुनी लाईन चांगल्या स्थितीत असेल तर तिच्यावर नव्या तारा चढवून तिला पुन्हा कामाला लावता येईल, आणि तो खर्च मालमत्तेत धरता येईल. नसेल तर मोडीत. ते ठरवायला एक समिती येणार होती.

"म्हणजे वाचू शकते?" पानेदादाने विचारलं.

"वाचू शकते. बघून ठरवतील."

माझं सगळं आयुष्य आता त्या एका वाक्यावर टांगलेलं होतं. पानेदादाचंही थोडंफार तसंच. लाईन मोडीत गेली, तर त्याला स्टोअरमध्ये बसवणार होते, खिळे-बोल्ट मोजायला. ज्याने आयुष्यभर वरून जग बघितलं, त्याला गोदामात कोंडायचं. तो कामाला लागला. खालचा गंज स्वतः खरवडला, घरातल्या दाराचा उरलेला रंग आणून माझ्या पायांना लावला. निळा. चार पाय निळे, वरचं अंग तांबडं. शेजाऱ्यापुढे मी कसा दिसत असेन, ते विचारू नका.

ज्या दिवशी मला बंद केलं, तो दिवस मला आठवायचा नाही. तारांतली गुणगुण एकदम थांबली. आणि थोड्याच वेळात शेजाऱ्याच्या तारा गुणगुणायला लागल्या. कँटीनसमोर टाळ्या झाल्या, चारदोन नाही, चांगल्या भरपूर. फीतही होती.

दुसऱ्या सकाळी धुकं होतं. आणि मला माझ्या तारांत काहीतरी जाणवलं. बारीकशी चुरचुर. थाळ्यांवरच्या ओलाव्यात चुटुकचुटुक आवाज. वीज! माझ्यात! मला वाटलं, रात्रीतून कुणाला तरी उपरती झाली, एकट्या नव्याला झेपेना म्हणून मला परत बोलावलं. मी शेजाऱ्याकडे असं बघितलं, की त्याने लाजून मान खाली घालावी. त्याने घातली नाही. मनोऱ्यांना मान नसते.

त्याच सकाळी पानेदादा तडकलेल्या थाळ्या बदलायला माझ्यावर चढला. समिती दुसऱ्या दिवशी यायची होती. त्याचा कामातला जोडीदार राहिलेल्या थाळ्या आणायला स्टोअरमध्ये गेला होता, आणि तो येईपर्यंत थांबायला पानेदादाला धीर नव्हता. लाईनीवर काम करायचं परमिट घेतलेलं होतं, लाईन दोन्ही टोकांना बंद होती. पाठीवर अर्थिंगचा दांडा होता. हा दांडा म्हणजे टोकाला आकडा असलेली काठी, तिची वायर मनोऱ्याला जोडलेली. बंद तारेत उरलीसुरली वीज असते, ती दांडा टेकवला की जमिनीत उतरते. पानेदादाची आयुष्यभराची रीत एकच. दांडा टेकवायचा, टिक् आवाज ऐकायचा, दांडा काढून पाठीला लावायचा आणि कामाला लागायचं. बंद केलेली लाईन मेलेली असते. इतकी वर्षं ती तशी होतीच, कारण इतकी वर्षं माझ्या शेजारी कुणी नव्हतं.

त्याने दांडा टेकवला. टिक् नाही, चांगला चटकन आवाज आला. पानेदादा "हं" म्हणाला आणि त्याने दांडा काढला.

आणि ती वीज परत आली. लगेच. रिकाम्या केलेल्या बादलीवर नळ चालूच असावा, तशी भरत आली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ही माझी वीज नव्हतीच! ही त्या शेजाऱ्याची. त्याच्या तारांत जोरात वीज वाहते, तेव्हा बाजूने समांतर जाणाऱ्या माझ्या तारांतही ती उतरते. आपोआप, कुणी न देता. सकाळपासून मी ज्या थाटात उभा होतो, तो सगळा थाट उसना. आणि त्या उसन्या थाटाकडे माझा पानेदादा हात पुढे करत होता.

मला ओरडता येत नाही. इतका चडफडाट मला आयुष्यात कधी झाला नाही.

छोट्या तेव्हा शेजाऱ्याच्या पायाशी धोक्याच्या पाट्या बसवत होता. त्याने सहज वर बघितलं आणि त्याला दांडा दादाच्या पाठीवर दिसला.

"दादा! दांडा का काढलास? लावूनच ठेव!"

"काम कर आपलं!"

"दादा, बाजूची चालू आहे! तुझ्या तारेत वीज उतरतेय तिच्यातून!"

"लाईन बंद आहे, परमिट माझ्या खिशात आहे. आता तू मला शिकवणार?"

हात पुन्हा पुढे झाला. छोट्याने पाना टाकला, धावत आला आणि माझ्या निळ्या पायावरून सरसर चढायला लागला. हुक लावलाच नाही. दोन्ही हुक कमरेला लोंबकळत होते आणि हा नुसत्या हातापायांवर, भराभर, ओल्या लोखंडावरून.

पानेदादाची नजर खाली गेली आणि त्याचा हात जागच्या जागी थांबला. "हुक लाव! गाढवा, हुक लाव आधी! हे शिकवलं होतं तुला? खाली पडलास तर काय तोंड दाखवू मी वहिनीला तुझ्या?"

छोट्या चढतच राहिला आणि पानेदादा ओरडतच राहिला. तारेकडे त्याची पाठ होती. छोट्या शेजारी येऊन पोचला, हुक लावला आणि धापा टाकत म्हणाला, "मला माहीत होतं. मला रागवायला तरी तू थांबशील."

पानेदादाने त्याच्या कानाखाली देण्यासाठी हात उचलला, पण एवढ्या उंचीवर ते जमण्यासारखं नव्हतं.

"आता दांडा टेकव," छोट्या म्हणाला. "मघाशी टेकवला होतास ना? मग आत काही असायला नको. टेकव."

पानेदादाने टेकवला. चटाक! निळी ठिणगी, भर दिवसा दिसेल एवढी. त्याने दांडा काढला, थोडं थांबला, परत टेकवला. परत ठिणगी. तिसऱ्यांदा त्याने टेकवला नाही. तो आडव्या पट्टीवर बसला आणि बराच वेळ स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिला.

"आम्हाला हे पहिल्याच दिवशी शिकवतात," छोट्या हळूच म्हणाला. "तुमच्याकडे शेजारी लाईनच नव्हती, म्हणून तुला माहीत नव्हतं. यात काय एवढं?"

"काही नाही," पानेदादा म्हणाला. मग म्हणाला, "तो तुझा पट्टा आहे ना, दुसरा?"

छोट्याने खालून अर्थिंगच्या वायरी मागवल्या, तारेच्या दोन्ही बाजूंना काम संपेपर्यंत अडकवून ठेवल्या आणि दोघांनी मिळून थाळ्या बदलल्या. जेवणाच्या वेळी वहिनीला सगळं कळलं. तिने दोघांच्या ताटांत वाढलं, आणि मग तिथेच पाठ करून उभी राहिली, डोळ्यांना पदर लावून.

तुम्ही म्हणाल, आता तरी माझा जळफळाट शमला असेल. उलट वाढला. माझ्या माणसाला वाचवायला भाऊ आला तोही शेजाऱ्याच्या पायथ्याशी काम करणारा. मी चार तास अंगात वीज घेऊन मिरवलो, तीही त्याचीच. इतकं करून तो उभा कसा, तर जसं काही झालंच नाही.

समिती आली. त्यांनी निळे पाय बघितले, नव्या थाळ्या बघितल्या, आपसांत बोलले. निकाल मॅडमनी कँटीनमध्ये पानेदादाला सांगितला. लाईन चांगली आहे, असं त्यांचं मत पडलं. पण नव्या तारा चढवायचं काम पुढच्या वर्षांवर ढकललं, कारण या वर्षी आणखी नव्या लाईनी उभारायच्या आहेत. आणि मोडायची म्हटली तर मोडण्यातही खर्च.

"मग?"

"नुसती उभी ठेवली, तर चोर तारा कापून नेतील. म्हणून एका टोकाने वीज जोडून ठेवायची. भार नाही टाकायचा, नुसती जिवंत ठेवायची."

म्हणजे मी आता वाहत काहीच नाही. माझ्यात वीज आहे ती चोरांना धाक म्हणून. दाराशी बांधलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याचं काम. तेही जमतं मला, तक्रार नाही. तक्रार नाही असं म्हणायचं असतं, म्हणून म्हणतो.

पानेदादाला स्टोअरमध्ये पाठवलं नाही. त्याला दोन्ही लाईनी दिल्या, माझी आणि शेजाऱ्याची. छोट्याची टोळी पुढच्या नव्या लाईनीला गेली. जाताना त्याने दादाला पट्टे, हुक, हेल्मेट सगळं देऊन टाकलं आणि वाकून नमस्कार केला. पानेदादा आता बहुतेक वेळ शेजाऱ्यावर असतो, कारण भार तिकडे आहे. मी इकडून बघतो. तो वर चढतो, बोल्ट तपासतो, कधीकधी त्याच्या पट्टीवर बसून डबाही खातो. माझ्यावर डबा खाल्ला होता त्याने कधी? खाल्ला असेल, मला आता आठवायचं नाही.

असे बरेच पावसाळे गेले. परवा पानेदादा शेजाऱ्याच्या पायाशी बराच वेळ वाकून बसला होता. बोटाने काहीतरी खरवडलं, बोट नाकाजवळ नेऊन बघितलं. मग तडक कँटीनकडे गेला.

"मॅडम, नव्या टॉवरच्या तिसऱ्या पायाला गंज धरलाय. थोडासाच आहे. आत्ता रंग मिळाला तर तिथल्या तिथे थांबेल."

मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांचे केस आता बरेच पांढरे झालेत.

"पानेदादा," त्या म्हणाल्या, "तो आता नवा नाही ना."

पानेदादाने बोटाचा गंज पँटला पुसला. हे वाक्य कँटीनवाल्यालाही आधी पुटपुटता आलं नव्हतं. आणि मी? माझ्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा आनंदाचा क्षण होता तो, असायला हवा होता. चकाकणाऱ्याला गंज चढला! मी आनंद व्हायची वाट बघत राहिलो. तो झालाच नाही. मला त्या पायावरचा तांबडा डाग दिसत होता, आणि पुढचं सगळं मला पाठ होतं. आधी सांधा, मग बोल्ट, मग आतलं पोलाद. ते कसं दुखतं, तेही. त्याला अजून माहीत नाही. तो अजून ताठ उभा आहे, त्याला वाटतं त्याच्यावर सरकारचं प्रेम आहे.

म्हणून धोरण ठरवणाऱ्या मोठ्या माणसांनो, तुमच्यापर्यंत एखादी तार पोचत असेलच, तिच्यातून एवढं ऐका. नवे मनोरे उभारा, खुशाल उभारा. ओझं वाढलंय, एकाला झेपत नाही, हे मला कळतं. पण उभारलेल्याला जपण्यालाही काही किंमत धरा. सदरा शिवणं हा नुसता खर्च नव्हे. रंगाचे डबे पाठवलेत, तर सुरुवात माझ्यापासून करा, मी थोरला आहे आणि माझा पहिला हक्क आहे, तो मी सोडणार नाही. रुपेरी रंग मला द्या. त्याला साधा चालेल.

पण त्याला द्या. फार उशीर करू नका. मी आयुष्यभर कुणाकुणाचा हेवा करत इथे उभा राहिलो. आता तो शेजारीही माझ्यासारखा तांबडा झाला, तर मी बघू कुणाकडे?